दोर मीच आत सोडला

त्या दिवशी इहिरीवर आमी पाच मानसं व्हतो. मी. आमचं मालक. माजं धाकलं दीर. त्येंची बायको, म्हंजी माजी जाऊ. आन् शेजारच्या गुऱ्हाळावर चुलवानाला जाळ घालनारा यूपीचा गडी. सहावं कुनी नव्हतं. माजा लेक कारेगावला कंपनीत ड्युटीवर व्हता. मागनं लई जनांनी सांगितलं की आमी तितं व्हतो, आमी डोळ्यांनी बगितलं. ते खरं न्हाई. बगितलं ते ह्या पाचांनी. त्यातलं एक गेलं, एक आपल्या मुलखाला गेला. ऱ्हायलो तिगं. त्या तिघांतली मी आज सांगते.

मी तिसरी शिकल्ये. जोडाक्षराला हात आडतो. जसं बोलते तसंच लिवते.

आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या अलीकडं, भीमेपासनं जरा वर. माजा सासरा मेंढरं घिऊन हिंडायचा, त्यानंच हितं जमीन धरली आन् आमी हिंडायचं थांबलो. आंगन एक, घरं दोन. एका घरात मी आन् मालक, दुसऱ्यात दीर-जाऊ. माजं माह्यार नदीपल्याड, दौंडाच्या बाजूला.

दिवस वैशाखाचं व्हतं. डीपी जळून आठ दिवस झालेलं, लाईट न्हाई, मोटर बंद. जनावरांचं कडवळ वाळाय लागलं. मंग मालकांनी आन् दिरांनी जुनं डिझेलचं इंजिन भाईर काडलं. पर इहिरीचं पानी लई खाली गेल्यालं. वर ठिवून इंजिन पानी उचलंना. म्हनून त्येंनी ते साखळीनं आत सोडलं आन् पान्याच्या वर खडकाचा टप्पा हाय त्याच्यावर बसवलं. आमच्याकडं उन्हाळ्यात समदेच आसं करत्यात. कुनाला त्यात काई वावगं वाटत न्हाई.

सकाळधरनं इंजिन चाललं. धूर वर येत व्हता, मंग कमी यायला लागला. आमाला वाटलं बरं झालं, इंजिन गरम झालं, आता साफ चालतंय. न्याहारीच्या वक्ताला ते दोन-तीन आचकं देऊन आपुआप बंद पडलं.

मालक म्हनलं, "डिझेल सपलं जनू."

तेवढ्यात गुऱ्हाळावरचा गडी ताक मागाया आला. रोज यायचा. पोरगा न्हवता, चांगला तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. गुऱ्हाळावरचं चरकाचं इंजिन तोच चालू करायचा, तवा मालकांनी त्याला हाक मारली. "ये पहिलवान. तुज्या हातानं लागतंय बग. आमच्यावर रुसलंय."

त्यो हसला. म्हनला, "मामा, ये इंजिन नहीं, बुढ़िया है. इसको मनाना पडता है."

मी म्हनलं, "बुढ़िया कुनाला म्हनतुयास रं? ताक पायजे का न्हाई तुला?"

"आपको नहीं अम्मा, इंजिन को," म्हनला, आन् कान धरलं. जाऊ तोंडाला पदर लावून हसली. दीर म्हनलं, "वैनीला म्हनला असशील तरी खरंच हाय." मालकबी हसलं. ते हसनं माज्या कानात हाय आजून.

इहिरीला वरच्या अर्ध्यात उतरायला लोखंडी कड्या बसवल्याल्या. त्या सपल्या की खाली निसता खडक. तितनं पुढं दोर धरून टप्प्यावर जायचं. काठावर कडुलिंबाचं झाड व्हतं, त्याच्या बुंध्याला दोर बांधल्याला. गाठ आमच्या मेंढक्याची. वज्जं पडलं तर घट्ट बसती, पर शेव वढला तर एका हिसक्यात सुटती. कोल्हा-बिबट्या आला तर मेंढरं झटक्यात सोडता यावी म्हनून तशी बांधत्यात. आमच्या घरात समद्याला तीच गाठ मारायची सवं.

गडी डिझेलचा कॅन घिऊन उतरला. टप्प्यावर पोचला. वाकला. आन् वाकल्याला तो तसाच गुडघ्यावर बसला, मंग आडवा झाला. कॅन पान्यात पडल्याचा आवाज आला.

मालकांनी दोन हाका मारल्या. मंग खांद्यावरचा टॉवेल बादलीत भिजवला, नाकातोंडाला गुंडाळला आन् कडीवर पाय ठिवला. मला काई सांगितलं न्हाई, इचारलं न्हाई. लोक आता भाषनात म्हनत्यात की त्येंनी जिवाची पर्वा केली न्हाई. माज्या मनानं सांगते, त्येंनी कशाचाच इचार केला न्हाई. ताक मागाया आल्याला मानूस आपुन खाली धाडला, त्यो पडला, तर आपुन आनायचा. येवढंच. मानूस तसा धीट न्हवता. साप निघाला की पयलं खाटंवर चढायचा.

खाली जाऊन त्येंनी गड्याच्या काखंतनं दोर घेतला, इहिरीत पडल्यालं मेंढरू बांधावं तसा. आन् एकच डाव वरडलं, "वडा!"

आमी तिघांनी वढला. गडी वर आला तवा त्वांड कसंतरीच झाल्यालं. जावंनं त्याच्या तोंडावर पानी मारलं. त्यो वकला, मंग कन्हला. जित्ता व्हता.

दिरांनी दोर सोडवून परत आत टाकला. मी वाकून बगितलं. मालक इंजिनाला पाठ लावून बसलं व्हतं, दमल्याला मानूस बांधावर बसतो तसं. मी म्हनलं, "आवं, दोर धरा." त्येंनी हात उचलला. गुडघ्यापोतर आला आन् पडला. मंग एका अंगाला कललं. पान्यात न्हाई गेलं. टप्प्यावरच.

दिरांनी अंगातला शर्ट काडला आन् दोर धरला.

आता हितं माज्या बापाचं सांगावं लागतं. दौंडाच्या बाजूला आमच्या गावात पेवं व्हती. पेव म्हंजी जमिनीत खनल्याली खोल कोठी, त्यात जवारी भरून वरनं बुजवायची. वरीसभरानं पेव उगडायचं काम माजा बाप करायचा. उगडलं की तो आत उतरायचा न्हाई. आदी कंदील सोडायचा. कंदील इझला तर म्हनायचा, "आत मरान बसलंय. कुनी पाय घालू नगा." लहानपनी कंदिलाची दोरी मी धरायची.

मी दिरांच्या हातनं दोर हिसकला आन् वर वढून घेतला. वरच्या डब्यात डिझेल व्हतं, त्यात चिंधी बुडवून दोराच्या टोकाला बांधली, दिरांच्याच खिशातल्या काडीपेटीनं पेटवली आन् खाली सोडली. शेवटच्या कडीपोतर जळत गेली. तितनं हातभर खाली गेली आन् इझली. फुकर मारल्यावानी.

मी म्हनलं, "भावजी, कुनी उतरायचं न्हाई."

"चिंधी इझली म्हनून भाऊ मरू द्यायचा व्हय? सोडा दोर!"

"उतरला तर तुमीबी ऱ्हाता तितं."

"वैनी, सोडा म्हनतोय ना!"

जाऊ मधीच बसली व्हती, गड्याचं डोस्कं मांडीवर घिऊन. ती दिरांकडं बगत व्हती.  तिचं डोळं मी बगितलं. घरात दोन लगीन न झाल्याल्या लेकी व्हत्या तिच्या. आन् दीर दोराला हिसका देत व्हतं. माज्यानं त्येंची ताकद पेलना. तवा मी दोर सोडला. त्येंनी त्यो आत टाकला, कडीकडं वळलं, तवर मी झाडाकडं गेले. गाठीचा शेव वढला. गाठ सुटली. दोर सळसळत इहिरीत गेला.

माजा नवरा खाली पडल्याला आन् मी त्याच्यावर दोर टाकून दिला.

दिरांनी माज्याकडं बगितलं. मंग तितंच मातीत बसलं.

मंग मी फोन लावला, जाऊ रस्त्याकडं पळाली, मानसं जमली. कुनी म्हनं दोर आना, कुनी म्हनं शिडी आना. मी कडीपाशी बसून ऱ्हायले, कुनाला पाय ठिवू दिला न्हाई. दोघा-तिघांनी शिव्या दिल्या. सूर्व्या डोक्यावर आला तवा आगीची गाडी आली. त्यातला एक जन तोंडाला नळी आन् पाठीला टाकी लावून उतरला. त्यानं मालकांना वर आनलं. मी हात लावून बगितलं. अंग आजून कढत व्हतं, पर ते उन्हाचं आसंल.

संध्याकाळच्या आत समदं उरकलं. मानसं नदीवरनं आली. परत आल्याल्या मानसांना दारात कडुलिंबाचा पाला देत्यात, दोन पानं चावायची आन् मंग आत यायचं. जावंनं इहिरीवरच्या झाडाचा डहाळा तोडून आनला व्हता. तिनं त्यो माज्या हातात दिला. म्हनली, "आक्का, धरा, मी पानी आनते."

डहाळा हातात आला आन् मला बापाचं पुढचं आठवलं.

कंदील इझला की बाप तसाच बसून ऱ्हायचा न्हाई. कडुलिंबाचा मोठा डहाळा तोडायचा, दोराला बांधायचा आन् पेवात खालीवर, खालीवर करायचा. घटकाभर. आतली खराब हवा वर निगायची, वरची आत जायची. मंग परत कंदील सोडायचा. मी ते धा-वीस येळा बगितल्यालं. झाड इहिरीच्या काठावर उभं. इळा माज्या कमरंला. आन् दोर, त्यो मी आत टाकल्याला. मला कंदिलाचं आठवलं आन् डहाळ्याचं आठवलं न्हाई.

एकेक जन येत व्हता, माज्या हातातली दोन पानं तोडत व्हता, चावत व्हता. मी डहाळा धरून उभी.

ते मी कुनाला बोलले न्हाई.

ग्रामपंचायतीनं मालकांच्या नावाचा बोर्ड लावला. परमुलखातल्या मानसासाठी जीव दिला म्हनून पेपरात फोटू आला. दर सालाला कुनीतरी पुढारी येऊन हार घालतो. मला त्याचं वाईट वाटत न्हाई. त्येंनी मानूस वाचवला, ते खरंच हाय. गडी बरा झाला आन् आपल्या गावाला गेला. जायच्या आदी आला, माज्या पायावर डोस्कं ठिवून रडला. मी त्याला ताक दिलं. दुसरं काय द्यावं सुचलं न्हाई. दिवाळीला त्याचा फोन यायचा. दोन वर्सं मी उचलला न्हाई. तिसऱ्या साली उचलला. म्हनला, "अम्मा, लडका हुआ है." मी म्हनलं, "संभाळ." तेवढाच फोन झाला.

गावानं मला मातूर नाव पाडलं. दोरसोडी. तोंडावर न्हाई म्हनायचे. नळावर गेलं की बायका जागा द्यायच्या, आन् गप व्हायच्या. एक डाव एका लगनात मी मांडवाचा दोर धरला तर नवरीची आत्या हसत म्हनली, "तुमी नगा धरू बाई, तुमचा काय भरवसा." समद्या हसल्या. मीबी हसले. घरी आले.

लेकाचं येगळंच झालं. त्यो त्या दिवशी ड्युटीवरनं धावत आला तवा त्याला पयलं कुनी काय सांगितलं आसंल? की तुज्या आईनं दोर टाकून दिला. त्यानं मला एकदाच इचारलं, "आये, खरं का?" मी म्हनलं, "व्हय." त्यो परत बोलला न्हाई त्यावर. सून तवा गरवार व्हती. त्यो नातू आता सातवीला हाय. लेक कारेगावलाच खोली घिऊन ऱ्हातो, महिन्याला येतो, किराना टाकतो, चा पितो, जातो. भांडन न्हाई, काई न्हाई. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

आन् दीर बोलायचंच थांबलं. आंगन एक. माज्या उंबऱ्यातनं त्येंची चूल दिसती. सकाळी मी झाडते तवा ते खाट उचलून घराच्या मागं नेत्यात. समोरासमोर आलो तर खाली बगत्यात. जाऊ बोलायची. एकदाच ती माजा हात धरून म्हनली, "आक्का, तुमी माजं कुकू राखलं." लगी इकडंतिकडं बगितलं आन् आत गेली. परत त्यातलं ती बोलली न्हाई.

भाकरी मी दीड करते. एक थापली तर पीठ उरतं, दोन केल्या तर एक वाळती. आर्धी सकाळी च्यात बुडवून खाते. शेळ्या दोन हायत, त्येंच्याशी बोलते. कुनी नसताना मानसाला आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. दुपारी मी कवा कवा इहिरीवर जाते. मोटर आता वर बसवल्याली हाय. कडुलिंबाखाली बसते. गाठीची जागा बुंध्यावर घासून गुळगुळीत झाल्याली, ती दिसती. मनात डहाळा बांधते, खाली सोडते, खालीवर करते. कवा ते उठून बसत्यात. कवा न्हाई बसत. किती डाव केलं, गनती न्हाई.

गेल्या साली पावसाळ्याच्या तोंडाला लेक आला, तो आठवड्याच्या मधीच. येऊन माज्याम्होरं खाली बसला. खुर्ची दिली तर नको म्हनला.

"आये, कंपनीत ट्रेनिंग झालं. सेफ्टीचं."

"मंग?"

"बंद टाकीत, विहिरीत मानूस पडला तर काय करायचं, ते शिकवलं. साहेब म्हनले, पहिला मानूस चुकून मरतो. दुसरा त्याला काढायला जातो न् मरतो. तिसरा दुसऱ्याला. एका एका ठिकाणी घरच्या घर गेल्यात. म्हनले, तिथं जो अडवतो, तोच खरा वाचवतो." त्यानं हातानं त्वांड पुसलं. "मी उठून सगळ्यांपुढं सांगितलं. माझ्या आईनं हेच केलंय म्हणून."

त्यानं माज्या मांडीवर डोस्कं ठिवलं. येवढा बाप्या, कानावर क्यास पांढरं झाल्यालं. मला वाटलं व्हतं, आसं कवा झालं तर छातीवरचं वज्जं उतरंल. उतरलं न्हाई. माज्या मनात आलं, ह्याला डहाळ्याचं ठावं न्हाई.

मंग त्येंचं साहेब आलं बगायला. भला मानूस. इहीर बगितली, टप्पा बगितला. मला म्हनले, "मावशी, इंजिन डिझेल संपून बंद पडलं नव्हतं. आतली हवाच संपली होती. इंजिनला मिळेना ती माणसाला कुठून मिळणार?" आन् म्हनले, "दिव्यावरही भरवसा ठेवू नका. काही वेळा दिवा जळत राहतो आणि माणूस जातो."

लेक गाडीकडं गेला तवा मी हळूच इचारलं, "सायेब, डहाळा खालीवर केला असता तर?"

त्येंनी वाकून टप्प्याकडं बगितलं. "सांगता येत नाही, मावशी. थोडी हवा गेली असती. ती पुरली असती की नाही, सांगता येत नाही."

खोटं बोलले असते तरी मला चाललं असतं. पर ते बोलले न्हाईत.

त्येंनीच सरपंचाला सांगितलं, आन् ठरलं की पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या कार्यक्रमात माजा सत्कार करायचा. सरपंच घरी आला. माज्या लेकाच्या वयाचा, मला शिव्या देनाऱ्यातला एक. "मावशी, शाल, श्रीफळ आन् दोन शब्द. गाव तुम्हाला समजायला चुकलं."

त्यो गेला आन् मी ठरवलं की पयलं दिरांना सांगायचं. शाल घ्यायची तर ते ठावं नसताना घ्यायची न्हाई.

जाऊ बाजाराला गेल्याली. दीर गोठ्यात शेळीच्या खुराला औषिद लावत व्हतं. मी म्होरं जाऊन हुबी ऱ्हायले.

"भावजी, बोलू नगा. निसतं ऐका."

त्येंनी वर बगितलं न्हाई. मी सांगितलं. बापाचं, पेवाचं, कंदिलाचं. डहाळ्याचं. "दोर ऱ्हायला असता तर मी डहाळा सोडला असता. कायतरी झालं असतं. मी बापाचं आर्धंच ध्येनात ठिवलं. तुमाला वाचवलं म्हनून मला शाल द्यायला निघाल्यात. तुमी नको म्हनला तर न्हाई घेत."

शेळीनं लाथ झाडली. औषिदाची वाटी सांडली.

"धरा जरा हिला," दीर म्हनलं.

नातू पोटात असल्यापास्नं त्यो सातवीत जाईपोतर, त्येंच्या तोंडनं मला मिळाल्याला पयला शबुद. मी शेळी धरली. त्येंनी खूर पुसला. मंग खुराकडंच बगत बोलाय लागलं.

"माजं पाय गळाठलं व्हतं, वैनी."

"कवा?"

"तवाच. शर्ट काडला त्यो लाजंनं काडला. तुमी दोघी बगत व्हता म्हनून. दोराला हिसकं देत व्हतो, पर मनात म्हनत व्हतो, हिनं मला जाऊ दिऊ नगं. तुमी गाठ सोडली तवा मला बरं वाटलं. सख्खा भाऊ खाली, आन् मला बरं वाटलं. मंग तुमचं त्वांड कसं बगू?"

"म्हंजी तुमी माज्यावर रागवला न्हवता?"

"राग कसला? उलटं मी गावात सांगत हिंडलो. वैनीनं दोर टाकला, न्हाईतर मी उतरनारच व्हतो. धा जागी सांगितलं. तुमाला नाव पडलं ते माज्या तोंडनं पडलं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. येवढी वर्सं मी आंगन झाडलं, ह्येंची खाट मागं जाताना बगितली, आन् ह्ये भीत व्हतं. मी शेळी सोडली आन् घरात गेले. त्या दिवशी भाकरी केली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाय लागले तर खाट आंगनातच व्हती. दीर बसल्यालं. म्हनलं, "डहाळ्याचं मलाबी आठवायला पायजे व्हतं. आमच्या आबानंबी सांगितल्यालं." जरा थांबून म्हनलं, "सांगा गावाला. माजंबी सांगा."

"तुमचं तुमी सांगा," मी म्हनलं. "मी माजं सांगंन."

पंधरा ऑगस्टला शाळंच्या पटांगनात झेंडा झाला. लेक, सून, नातू आल्यालं. दीर मागं, कंपाउंडला टेकून हुबं. सरपंचानं भाषन केलं, मला शाल घातली. मी म्हनलं, "मला बोलायचंय." माइक हातात दिला. त्यो किंचाळला, मंग नीट झाला.

मी सांगितलं, इंजिन इहिरीत उतरवू नगा. आपुआप बंद पडलं तर डिझेल सपलं आसं समजू नगा. आन् म्हनलं, "माजं एक चुकलंय. मी दोर टाकायला नको व्हता..."

तेवढ्यात सरपंचानं माइक घेतला. "बघा! एवढं करूनही मावशी म्हनतात माझं चुकलं. हा मोठेपणा हाय!" समद्यांनी टाळ्या वाजवल्या. लेझीमची पोरं ताटकळली व्हती, ती पुढं आली, हलगी सुरू झाली. मी खुर्चीवर बसले. मांडीवर नारळ. लेक माज्याकडं बगून हसत व्हता, त्याला लई बरं वाटलं व्हतं. मी हसले. त्या येवढ्या मानसांत माजं आर्धं बोलनं ज्यानं पुरं ऐकलं आसा एकच व्हता, आन् त्यो कंपाउंडपाशी खाली मान घालून हुबा. त्यानं काई सांगितलं न्हाई. मी वाट बगितली. न्हाई सांगितलं. मला आता त्याचं येवढं वाटत न्हाई. समद्यांना समदं जमत न्हाई.

आता नळाला पानी आलं की ते आंगनातनं हाक देत्यात, "वैनी, पानी आलंय." बास तेवढंच. दुसरं काई बोलायला आमच्यापाशी न्हाई. पर हाक येती.

औंदाच्या उन्हाळ्यात मी शेळ्या घिऊन वढ्याकडं चालले व्हते. एका वस्तीवर इहिरीच्या तोंडातनं धूर येताना दिसला. जाऊन बगते तर इंजिन आत टप्प्यावर. इहीरवाला तोच, टाळ्या वाजवनाऱ्यात पुढच्या खुर्चीवर बसल्याला. मी म्हनलं, "बाबा, ते वर घे." त्यो म्हनला, "मावशी, दोनच तास चालवायचंय. तुमचं आपलं कायतरीच." मी इहिरीच्या काठावर बसले. म्हनलं, "मंग मी हितंच बसते." त्यो वैतागला, बायकोला म्हनला, "बग ग ही म्हातारी." शेवटाला दुपारी त्यानं इंजिन बंद केलं, माज्यापास्नं सुटायला. खाली मातूर मी कुनाला जाऊ दिलं न्हाई, दिस कलला तोवर. शेळ्या दुसऱ्याच्या कडवळात गेल्या, त्याच्या शिव्या येगळ्या खाल्ल्या.

तितं बसल्या बसल्या मला वाटलं, मी किती इहिरींवर बसनार. म्हनून ह्ये लिवलं.

वाचनाऱ्याला माजं मागनं येवढंच. इंजिन इहिरीत उतरवू नगा. इहिरीत, टाकीत, खड्ड्यात कुनी पडलं तर मागनं उतरू नगा, तुमचा किती का जवळचा असंना. आगीच्या गाडीला फोन करा आन् दोर वरच ठिवा. आन् तुमच्या गावात कुनी कुनाला आसं आडवलं असंल, तर त्या मानसाच्या घरी जावा. घटकाभर बसा. त्याचं समदं बोलनं होऊ द्या, मधी टाळ्या वाजवू नगा.